विश्लेषण : वीज दिवसाची, जमीन गावाची, बचत कोणाच्या खात्यात?

बिबट्याच्या भीतीमुळे जुन्नर, आंबेगावच्या शेतकऱ्यांना शेतीसाठी दिवसा वीज हवी आहे. महावितरणला स्वस्त वीज हवी आहे. सौरऊर्जेने दोन्ही गरजा एकत्र भागू शकतात. मात्र त्यासाठी लागणारी जमीन देताना ग्रामपंचायतीने काय मोजायचे, काय मागायचे आणि स्वतःचे वीजबिल कसे कमी करायचे, हा हिशेब फारसा मांडला जात नाही.

कल्याण-अहिल्यानगर महामार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हे गाव आहे. जुन्नर तालुक्याच्या या पट्ट्यात ऊस, कांदा आणि भाजीपाला ही मुख्य पिके आहेत. घरे गावठाणात कमी आणि मळ्यांत, वस्त्यांवर जास्त. उसाला लागून घर, घराला लागून गोठा आणि गोठ्यामागे पुन्हा ऊस, असे चित्र सगळीकडे दिसते. बिबट्यालाही हीच रचना सोयीची आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंपरी पेंढारमध्ये सकाळी शेतात गेलेल्या एका महिलेचा बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वर्षभराने, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये, शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड, जांबूत परिसरात सुमारे तीन आठवड्यांत तिघांचा बळी गेला. त्यात दोन मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला.

प्रत्येक घटनेनंतर पिंजरे वाढवा, बिबटे पकडा, नसबंदी करा अशा मागण्या होतात. त्यांच्यासोबत आणखी एक मागणी दरवेळी पुढे येते, ती म्हणजे शेतीला दिवसा वीज द्या. ही मागणी ऐकायला साधी वाटते. पण ती वीज कुठून येणार, कोणाच्या जमिनीवर तयार होणार आणि त्यातून वाचणारा पैसा कोणाला मिळणार, हे प्रश्न थेट ग्रामपंचायतीच्या दारात येऊन थांबतात.

शेतीला रात्री वीज का दिली जाते?

कृषी पंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन मोटारीवर जातो. स्टार्टरला ऑटो स्विच बसवला की मोटार आपोआप सुरू होते, हे खरे. पण मोटार सुरू झाली म्हणून पीक भिजत नाही. वाफ्यातला कांदा असेल तर एक वाफा भरला की दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवावे लागते. ते काम वाकून, चिखलात उभे राहून करायचे असते. अंधारात वाकलेल्या माणसाला बिबट्या भक्ष्य समजू शकतो, असे वनविभाग आणि अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ठिबक असलेल्या शेतात ही अडचण कमी होते, पण सगळीकडे ठिबक नाही.

रात्रीच्या विजेमागे शेतकऱ्याला त्रास देण्याचा हेतू नव्हता, त्यामागे वीज व्यवस्थेचे गणित होते. कारखाने, कार्यालये, दुकाने दिवसा चालतात. त्यांची मागणी मोठी आणि ते जास्त दराने पैसे भरणारे ग्राहक. मध्यरात्रीनंतर मागणी उतरते, पण औष्णिक केंद्रे रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे परवडत नाही. मग रात्रीच्या शिल्लक विजेला ग्राहक हवा होता. तो शेतकरी ठरला.

गेल्या दहा वर्षांत हे गणित उलटले. सौरऊर्जा स्वस्त झाली आणि दिवसाची वीज, निदान ऊन असेपर्यंतची, सर्वांत कमी दरात मिळू लागली. म्हणजे ज्या हिशेबाने शेतकऱ्याला रात्री शेतात पाठवले, त्याच हिशेबाने आता त्याला दिवसा पाणी भरता येऊ शकते. दिवसा वीज देणे ही आता केवळ सहानुभूतीची बाब नाही. ती महावितरणच्याही फायद्याची आहे आणि म्हणूनच ती प्रत्यक्षात येण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त आहे.

सौर कृषी वाहिनी म्हणजे काय?

राज्य सरकारने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक जुन्नरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला होता. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली आणि उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले. कल्पना अशी : कृषी फीडर ज्या उपकेंद्रातून निघतो त्याच्या ५ ते १० किलोमीटरच्या परिसरात काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि ती वीज थेट उपकेंद्रात सोडायची. शेतकऱ्याची मोटार, डीपी, तारा यांत काहीही बदल होत नाही. प्रत्येकाच्या बांधावर पॅनेल बसवायची गरज नाही.

या दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. क्षमता ३ मेगावॉट आणि लाभार्थी शेतकरी १,७५३. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एकूण १९ मेगावॉटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यात धोंदलगावसह नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील प्रकल्प होते.

धोंदलगावच्या आकड्यांकडे जरा नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. ५ अश्वशक्तीची मोटार साधारण ३.७ किलोवॉट वीज खेचते. म्हणजे भर उन्हात, पूर्ण क्षमतेने चालला तरी ३ मेगावॉटचा प्रकल्प अशा सुमारे ८०० मोटारी एकाच वेळी चालवू शकतो. उरलेली वीज ग्रीडमधून येते, शिवाय सगळ्या मोटारी एकाच वेळी चालत नाहीत. ढगाळ दिवशीही ग्रीडचाच आधार लागतो. त्यामुळे ‘आमच्या गावात सोलर आले, आता वीज कधीच जाणार नाही’ ही समजूत चुकीची आहे. सोलरमुळे वीजपुरवठ्याची वेळ बदलते. जुनाट तारा, ओव्हरलोड डीपी आणि कमी दाब या तक्रारी त्याने आपोआप सुटत नाहीत. त्यांची दुरुस्ती वेगळीच मागून घ्यावी लागते.

पैसे कोणाचे वाचतात?

या योजनेतील वीज युनिटला साधारण तीन रुपयांच्या आसपास मिळते. पारंपरिक पद्धतीने शेतापर्यंत वीज पोहोचवण्याचा खर्च आठ रुपयांच्या घरात असल्याचे सरकारकडून सांगितले जाते. ५ अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज लागते. जुन्या हिशेबाने हा खर्च दिवसाला २४० रुपये आणि नव्याने ९० रुपये. एका मोटारीमागे दिवसाला दीडशे रुपयांचा फरक पडतो. राज्यातल्या लाखो पंपांना हा आकडा गुणला की सरकारला या योजनेची इतकी घाई का आहे, हे कळते.

मात्र हे दीडशे रुपये शेतकऱ्याच्या खिशात पडत नाहीत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेनुसार एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषी पंपांचे बिल सरकार भरते. राज्यातील सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात आणि वर्षाचा बोजा १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला आहे. शेतकऱ्याचे बिल आधीच शून्य असेल तर वीज स्वस्त होऊन त्याला रुपयाचाही फायदा नाही. बचत होते ती राज्याच्या तिजोरीची, महावितरणची आणि शेतीसाठी क्रॉस सबसिडी भरणाऱ्या उद्योगांची.

शेतकऱ्याला मिळतो तो दिवस. त्याची किंमत पैशात मांडणे अवघड आहे, पण अगदीच अशक्य नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. हा पैसा वनविभागाच्या खात्यातून जातो आणि स्वस्त विजेची बचत ऊर्जा विभागाच्या खात्यात जमा होते. दोन्ही हिशेब एका कागदावर कधी येत नाहीत. आले असते तर जुन्नर वनविभागातील म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांतील कृषी फीडर सौर प्रकल्पांच्या यादीत सर्वांत वर ठेवण्यासाठी वेगळे आंदोलन करावे लागले नसते.

गावाच्या पदरात काय?

प्रकल्पाला जमीन लागते. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर. ती दोन प्रकारे मिळते. खासगी जमीन भाड्याने घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. गायरान किंवा इतर शासकीय जमीन असेल तर ती नाममात्र एक रुपया भाड्याने दिली जाते. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तिला प्रोत्साहन म्हणून वर्षाला ५ लाख रुपये, तीन वर्षे, एकूण १५ लाख मिळतात.

उदाहरणादाखल १५ एकरांवरचा ३ मेगावॉटचा प्रकल्प घेऊ. जमीन खासगी असेल तर मालकांना पहिल्या वर्षी साडेसात लाख रुपये मिळतील. वीज खरेदीचा करार २५ वर्षांचा असतो. दरवर्षीची वाढ न धरताही ही रक्कम १ कोटी ८७ लाखांच्या पुढे जाते. तेवढीच जमीन गायरान असेल तर ग्रामपंचायतीच्या हाती १५ लाख येतात आणि चौथ्या वर्षापासून काहीही नाही. प्रकल्प मात्र आणखी २२ वर्षे तिथेच उभा असतो.

गायरानाची मालकी सरकारची आहे, ग्रामपंचायत फक्त राखण करते, त्यामुळे भाड्याचा प्रश्न येत नाही, असा यावर प्रशासकीय युक्तिवाद आहे. कागदावर तो बरोबरही आहे. पण गायरानाचा उपयोग ज्यांना होतो ते गावातलेच लोक असतात. चार-दोन शेळ्या असलेले भूमिहीन कुटुंब, पावसाळ्याच्या आगे-मागे मेंढ्या घेऊन फिरणारे मेंढपाळ. कुंपण पडले की त्यांची जनावरे उसाच्या कडेला, ओढ्याच्या झाडीत चरायला जाणार आणि बिबट्याच्या तालुक्यात ती जागा सुरक्षित नाही. सामूहिक जमिनी वाचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात कडक निकाल दिला होता आणि त्यानंतर राज्यानेही गायरानाच्या वापरावर निर्बंध आणले. सार्वजनिक प्रयोजनासाठी जमीन देता येते आणि सौर प्रकल्प त्यात बसवला जातो. तरीही कोणता तुकडा द्यायचा, चराईची वाट कुठून ठेवायची, हे ग्रामसभेत ठरायला हवे. सरकारी नकाशावर पडीक दिसणारी जमीन कोणाच्या उपयोगाची आहे, हे तलाठ्याच्या उताऱ्यापेक्षा गावाला जास्त माहीत असते.

१५ लाखांचे काय करायचे, हाही त्याच ग्रामसभेचा विषय. पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमान हे नेहमीचे पर्याय आहेतच. पण याच पैशातून ग्रामपंचायतीचे कायमचे वीजबिल कमी करता येते.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे बिल

ग्रामपंचायतीला दोन मोठी वीजबिले येतात : पथदिव्यांचे आणि पाणीपुरवठ्याचे. पथदिव्यांचे बिल दीर्घकाळ सरकारी अनुदानातून भागत होते. थकबाकी वाढली आणि २०२१ मध्ये महावितरणने अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. सरपंच संघटनांनी आंदोलने केली. अखेर ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरावीत, असे सरकारने सांगितले. त्या आयोगाच्या निधीतील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, तर ४० टक्के अबंधित होती. गटार, शाळेची दुरुस्ती, अंगणवाडी, रस्ता अशा कामांसाठी हीच अबंधित रक्कम होती आणि दिव्यांचे बिल तिच्यातून वजा होऊ लागले. म्हणजे वाचलेला प्रत्येक युनिट गावाला थेट कामासाठी मिळतो. शेतीच्या विजेत जे घडत नाही ते इथे घडते.

हिशेब साधा आहे. २०० खांबांच्या गावात चोकच्या जुन्या ट्यूबलाइट असतील तर प्रत्येकी ५० वॉट धरून, रात्री १२ तास जळल्यास रोज १२० युनिट, महिन्याला ३,६०० युनिट लागतात. त्याच जागी २० वॉटचे एलईडी बसवले की १,४४० युनिट. युनिटला सात रुपये धरले तर महिन्याला सुमारे १५ हजारांचा आणि वर्षाला १ लाख ८० हजारांचा फरक पडतो. यात सोलरचा एकही पॅनेल नाही. त्यामुळे सोलरचे कोटेशन मागवण्याआधी खांबावरचे दिवे मोजणे हे पहिले काम.

पाणीपुरवठ्याची मोटार सोलरसाठी सर्वांत सोयीची असते. ती दिवसा चालवता येते आणि टाकीत साठलेले पाणी ही एक प्रकारे फुकटची बॅटरीच असते. १० अश्वशक्तीची मोटार रोज सहा तास चालली तर सुमारे ४५ युनिट लागतात. एक किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देते. म्हणजे ११-१२ किलोवॉटचा संच पुरतो. किलोवॉटला ५० ते ६० हजार धरले तर खर्च सहा-सात लाख आणि वर्षाची बचत सव्वा लाखाच्या आसपास. पाच-सहा वर्षांत पैसे वसूल आणि पॅनेलचे आयुष्य २५ वर्षे. जागेसाठी वेगळी जमीन नको. ग्रामपंचायत कार्यालय, शाळा, समाजमंदिर यांचे हजार-बाराशे चौरस फुटांचे छत पुरते.

मग पथदिवेही सोलरवर का नकोत? बरोबर, पण जरा जपून. अनेक गावांच्या शिवारात सोलर दिव्याचा खांब उभा दिसतो, दिवा मात्र लागत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असते, बॅटरी संपलेली. तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षे आणि बदलण्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नाही. काही ठिकाणी बॅटरी चोरीलाही जाते. गावठाणात जिथे वीजवाहिनी आहे तिथे एलईडी आणि छतावरचे नेट मीटरिंगचे सोलर हा मार्ग स्वस्त पडतो. बॅटरीचा दिवा वाहिनी नसलेल्या वस्त्यांसाठी ठेवावा. पिंपरी पेंढारसारख्या विखुरलेल्या वस्त्यांच्या गावात ही गरज मोठी आहे आणि तिथे बचतीसाठी दिवे कमी करणे किंवा मध्यरात्रीनंतर बंद ठेवणे हा पर्यायच नाही. शहरांत ऊर्जा बचतीचा म्हणून सांगितला जाणारा हा उपाय बिबट्याच्या गावात जिवावर बेतू शकतो.

कोणी करून दाखवले आहे का?

लांब जायची गरज नाही. जुन्नर तालुक्यातीलच टिकेकरवाडी ग्रामपंचायतीला २०२३ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत ग्राम ऊर्जा स्वराज विशेष पंचायत पुरस्कार मिळाला. अपारंपरिक ऊर्जेत पुढाकार घेणाऱ्या ग्रामपंचायतींसाठी हा पुरस्कार आहे.

सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम जाहीर झाले. गावातील सर्व घरे, पथदिवे, पाणीपुरवठा आणि ग्रामपंचायतीची वीज सोलरवर आहे. गाव लहान आहे, जोडण्या शंभरच्या आसपास, आणि स्वच्छता व ग्रामविकासाच्या कामांत बरीच वर्षे मुरलेले. मोठ्या, वस्त्यांमध्ये विभागलेल्या गावाला तेच एका वर्षात जमेल असे नाही. मात्र घरगुती छतांसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटपर्यंत ७८ हजारांचे अनुदान आहे, ते कोणत्याही गावाला लागू आहे. राज्याचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून सुरू आहे आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानही आले. त्यात राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीसाठी पाच कोटींचे बक्षीस ठेवले गेले. बक्षिसासाठी का होईना, गावे वीजबिलाच्या फायली उघडून बघू लागली तर ते चांगलेच.

वैयक्तिक सौर पंपाचे काय?

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून ३ ते ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. तो फक्त दिवसाच चालतो, त्यामुळे रात्रीचा प्रश्न मुळातच मिटतो. पण योजना प्रामुख्याने पारंपरिक वीजजोडणी नसलेल्यांसाठी आहे. जुन्नरच्या बागायती पट्ट्यात बहुतेकांकडे जोडणी आधीपासून आहे आणि नदी किंवा कालव्यावरून लांबवर पाइपलाइन टाकून पाणी आणणाऱ्यांना एवढी अश्वशक्ती पुरतेच असे नाही. त्यांच्यासाठी फीडरच सोलरवर नेणे हाच व्यवहार्य उपाय.

दिवसा वीज आली की हल्ले थांबतील?

नाही. पिंपरी पेंढारमधील २०२४ ची घटना रात्री पाणी भरताना घडलेली नव्हती. बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेलाही फिरतो, घराच्या ओट्यापर्यंत येतो. दिवसाच्या विजेने अंधारात शेतात काढावे लागणारे तास कमी होतात आणि तेवढा धोका कमी होतो. ऊस, उघडे गोठे, उकिरडे, मोकाट कुत्री हे प्रश्न तसेच राहतात. त्यातील बंदिस्त गोठे आणि कचऱ्याचा प्रश्न तर पुन्हा ग्रामपंचायतीच्याच अखत्यारीत येतो.

शिवाय वेळेचा मुद्दा आहे. जमीन निश्चित होणे, मोजणी, उपकेंद्रापर्यंतची लाइन, उभारणी यात बराच काळ जातो. उन्हाळी कांद्याच्या रोपांची लागण हिवाळ्यात होते आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांतील रात्रपाळ्या सर्वांत जिकिरीच्या असतात. प्रकल्प उभा राहीपर्यंत बिबटप्रवण गावांच्या फीडरला किमान या काळात दिवसाची पाळी देता येते. त्यासाठी पॅनेल लागत नाही, महावितरणने वेळापत्रक बदलावे लागते. ग्रामसभा जमिनीचा ठराव करेल तेव्हा ही अट त्याच ठरावात लिहून घेण्याची संधी तिच्याकडे आहे. चराईची वाट आणि डीपींची दुरुस्ती याही अटी त्यातच घालता येतील. सह्या झाल्यावर मागण्याला फारसे वजन उरत नाही.